उशिरा पेरलेली मेथी

"आता काय मिळायचं न्हाय. उशीर झालाय तुमाला."

शिवलीलानं टोमॅटोच्या रोपांवरचा हात दचकून मागं घेतला. आवाज आला कुठून तेच कळेना. विजापूर रोडवरच्या त्या नर्सरीत दुपारी साडेतीनला चिटपाखरू नव्हतं. कमरेएवढे उंच, शहाबादी फरशीनं बांधलेले लांबलचक वाफे, वर हिरवी जाळी, आणि जाळीतून झिरपणारं जानेवारी अखेरचं ऊन.

"दुकान बंद आहे का?" तिनं वाफ्यांनाच विचारलं.

"दुकान उघडं हाय. हंगाम बंद झालाय."

पलीकडच्या वाफ्याला वळसा घालून तो समोर आला. तिशीतला असेल. बाह्या दुमडलेल्या, बोटं मातीनं काळी, डोळ्यांत मिश्कील चमक... आणि तो चाकाच्या खुर्चीत बसला होता. शिवलीलाची नजर एक क्षण, अर्धाच क्षण, त्याच्या पायांवर गेली आणि झटकन वर आली.

तेवढं त्याला पुरलं.

"बघून घ्या एकदा नीट," तो हसत म्हणाला. "सहा वर्सांमागं बाभळीवरनं पडलो. शेरडांस्नी पाला तोडत हुतो. झालं बघून? आता रोपांकडं बघा."

तिचे कान तापले. "रोपांकडंच बघत होते. तुम्हीच मध्ये आलात!"

तो मोठ्यांदा हसला. "बिरुदेव माझं नाव. पर रोपं न्हाई देणार. आता लावून ती फुलावर येस्तोवर ऊन तापंल. जूनला या, हवी तेवढी न्या."

"जूनपर्यंत..." ती थांबली. "जूनपर्यंत माझे वडील राहतील असं मला वाटत नाही."

हे वाक्य ती अजून कुणाजवळ बोलली नव्हती. घरात आत्याजवळ नाही, लॅबमधल्या मैत्रिणींजवळही नाही. या अनोळखी माणसासमोर ते तोंडातून निसटलं. बिरुदेवनं हात लांब करून नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबला.

"काय झालंय?"

तिनं सांगितलं. कार्तिकात दुधनीला आई गेली. शेत वाट्यानं देऊन ती अप्पांना इकडं घेऊन आली, जुळे सोलापुरात. तेव्हापासून वीरभद्रप्पा नावाचा तो तालेवार शेतकरी खिडकीशी बसून असतो. बोलत नाही. अर्धी भाकरी खातो, कधी तीही नाही. अकरा किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणतात, औषध नको, हाताला काम द्या. पण अंगणभर फरशी आहे, आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. खाली बसताच येत नाही.

"खाली बसायचं कशाला?" बिरुदेवनं वाफ्याच्या काठावर थाप मारली. "मी कुटं बसतोय? ह्याला गादीवाफा म्हणत्यात. समदे इतभर उचलत्यात, मी जरा जास्त उचललाय. तसला एक तुमच्या अंगणात बांधू. टोमॅटो, फ्लॉवर इसरा. मेथी, पालक, कोथिंबीर. मार्चची भट्टी पेटायच्या आत आली तर आली. न्हाईतर माझी जबाबदारी न्हाय."

"मग कुणाची?"

"तुमची की. मी फकस्त माती घालणार."

रविवारी सकाळी तो मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन दारात हजर झाला. पाठोपाठ टेम्पोत फरश्या, काळी माती आणि त्याच्या गावच्या, मंद्रूपच्या वाड्यावरच्या मेंढरांचं लेंडीखत. फाटक उघडायला आलेली शिवलीला जागीच थिजली.

फाटकातून आत दोन पायऱ्या होत्या. चार वर्षं ती त्यांवरून येत-जात होती, पण पायऱ्या आहेत हे तिच्या ध्यानातच कधी आलं नव्हतं.

"मी शेजारच्यांना बोलावते... उचलून—"

"उचलायला मी काय पोतं हाय?" आवाज शांत होता, पण त्यातलं हसू पार नाहीसं झालं होतं. "फळी असंल की एखादी."

माडीवर जुनी फळी सापडली. तिच्यावरून तो दात आवळून खुर्ची रेटत वर चढला. शिवलीला दोन हात मागं घट्ट बांधून उभी राहिली. मदतीला धावायचं नाही, एवढंच ती मनाशी घोकत होती. वर आल्यावर त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि तिच्याकडं पाहिलं.

"हात लई गच्च धरलेत. दुखतील."

तिनं हात सोडले. दोघंही हसले... पण तिच्या छातीतली धडधड फळीमुळं होती की आणखी कशानं, हे तिला ठरवता येईना.

वाफा अप्पांच्या खुर्चीच्या मापानं बांधला. अप्पा खिडकीतून बघत होते की नाही, कळत नव्हतं. पुढच्या रविवारी माती बसली, तेव्हा बिरुदेवनं त्यांना बाहेर आणवून वाफ्यासमोर बसवलं. त्यांनी मातीकडं पाहिलंसुद्धा नाही. तो आपला निवांत मेथी पेरू लागला. मूठ भरून टाकायचा, वर आणखी मूठ. शिवलीलाला शेतीतलं फारसं कळत नव्हतं, पण तिलाही वाटलं, हे काहीतरी भलतंच चाललंय.

"साकु!"

दोघांनी वळून पाहिलं. अप्पांचा हात पुढं आला होता.

"साकु म्हणतो ना! बास! एवढी दाट पेरतात होय रे? उबून मरंल सगळी. आण इकडं." त्यांनी बियाण्याची वाटी ओढून घेतली, मातीत बोट घालून रेघ मारली आणि चिमटीतून दाणे सोडू लागले.

शिवलीला स्वयंपाकघरात पळाली आणि ओट्याला धरून रडली. ती डोळे पुसून बाहेर आली तेव्हा बिरुदेव खाली मान घालून शिव्या खात होता. तिच्याकडं बघून त्यानं एक डोळा बारीक केला.

"मुद्दाम केलंत?" तिनं फाटकाशी हळूच विचारलं.

"शेतकऱ्यासमोर चुकीचं पेरलं की त्याला गप बसवत न्हाय."

त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागला. कधी जाळी बांधायला, कधी नुसताच. अप्पा सकाळी उठून वाफ्यापाशी जाऊन बसत. एक भाकरी खाऊ लागले, मग दीड. पालकावर मावा पडला, कोथिंबीर अर्धी उगवलीच नाही, आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी. शिवलीला भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवायची. ती बादली वाफ्यात ओतत असतानाच तिचा फोन वाजायचा.

"मेथी कशी हाय?"

"बरी आहे."

"आणि मेथीवाली?"

"तिला पाणी कमी पडतंय," ती म्हणायची आणि जीभ चावायची.

हे सगळं निंगव्वा आत्या दारातून बघत होती. आईच्या पाठीमागं घर तिनंच सांभाळलेलं, त्यामुळं तिचा शब्द मोठा. फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस शिवलीलानं बिरुदेवसाठी चहा नेला आणि कप देताना दोघांची बोटं जरा जास्तच वेळ एकमेकांत राहिली. आत्या अप्पांना कानडीत म्हणाली, "पोरगी हातची चाललीय. ह्याला धड उभं राहता येत नाही, उद्या हिला जन्मभर याची खुर्ची ढकलत बसावं लागेल. आणि जात?" धनगराच्या पोराला कानडी कुठून येणार, असं तिला वाटलं.

कर्नाटकच्या हद्दीजवळच्या मंद्रूपच्या माणसाला कानडी कशी येणार नाही? बिरुदेवनं कप खाली ठेवला. खुर्ची वळवली.

"होगी बर्तीनि, अव्वा," तो आत्याला अदबीनं म्हणाला. येतो म्हणून. फळीवरून खाली गेला आणि मागं वळून पाहिलं नाही.

आत्याचा चेहरा पडला.

तो दिवस, मग दुसरा... आठ दिवस गेले. फोन उचलेना. ती नर्सरीत गेली, तर तिथल्या बाई म्हणाल्या, गावाकडं गेलाय. पारा अडतिसावर गेला. पालक फुलावर आला. मेथी मात्र हट्टानं वाढत होती, आणि अप्पा रोज एकच विचारत, "धनगराचं पोर का येईना?" शिवलीला बादली उचलून वाफ्याला पाणी घालायला लागे. आत्या फळी उचलून माडीवर ठेवून आली होती.

नवव्या दिवशी दुपारी लॅबच्या खिडकीबाहेर आभाळ एकदम तांबूस-काळं झालं. वारं सुटलं, रस्त्यावरची धूळ उलटी वर चढली. अवकाळी! शिवलीलानं घरी फोन लावला. अप्पांचा फोन एंगेज. पुन्हा एंगेज. अप्पा तर फोनला हात लावत नाहीत... रिक्षा मिळायला पाऊण तास लागला, तोवर टपोरे थेंब सुरू झाले होते, आणि वळणावर पहिली गार टपावर धाडकन आदळली.

घरापाशी ती उतरली तेव्हा फाटकासमोर जादा चाकांची स्कूटर उभी होती. शेजारी चाकाची खुर्ची, रिकामी, आडवी पडलेली.

"बिरुदेव!"

तो आत होता. फळी नव्हती, म्हणून दोन पायऱ्या हातांवर अंग ओढत चढला होता, आणि तसाच फरशीवरून सरकत वाफ्यापर्यंत गेला होता. शर्ट चिखलानं भरलेला, कोपर सोललेलं. एका हातानं वाफ्याचा काठ धरून, दुसऱ्या हातानं फाटत चाललेली जाळी ताणून तो बसला होता. दुसरं टोक खुर्चीतल्या अप्पांच्या मुठीत. गारा जाळीवरून उडत होत्या, दोघांच्या डोक्यांवर बसत होत्या, आणि अप्पा ओरडत होते, "सोडू नको! ओढ, ओढ!"

शिवलीलानं पर्स फेकली आणि तिसरं टोक धरलं.

दहा मिनिटं. जन्मासारखी दहा मिनिटं. मग गारा थांबल्या, नुसता पाऊस राहिला. कोथिंबीर भुईसपाट झाली होती. पालकाच्या चिंध्या. मधली मेथी तेवढी वाचली, हातभर पट्टा.

"अप्पांनीच फोन केला," तो धापा टाकत म्हणाला. तिच्याकडं बघत नव्हता. "म्हणाले, गारा येणार, ये. फकस्त एवढंच."

"आणि तुम्ही मंद्रूपहून आलात. असे."

"असा." त्यानं चिखलानं भरलेल्या पायांकडं हात केला. "हेच दाखवायचं नव्हतं तुला. आत्या खोटं न्हाय बोलल्या, शिवलीला. एक पायरी आली की मी असा जमिनीवर."

तो पहिल्यांदाच तिला एकेरीत बोलला होता. ती पावसात त्याच्याशेजारी फरशीवर बसली, अगदी त्याच्या खांद्याला खांदा लावून.

"आता मीही जमिनीवर आहे," ती म्हणाली. "बोल."

तो मुठीतली जाळी तशीच धरून बसला. मागं काहीतरी हललं. निंगव्वा आत्या टॉवेल घेऊन भिजत उभी होती. तिनं तो शिवलीलाच्या नाही, बिरुदेवच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागली. "तप्पायतु, मगा," ती पुटपुटली. चुकलं रे, बाळा.

तरीही तो त्या दिवशी हो-नाही न सांगताच गेला. म्हणून पुढच्या रविवारी शिवलीला अप्पांना घेऊन रिक्षानं मंद्रूपला गेली.

गोजाबाई, त्याची आई, अंगणात कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं दोघांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि आडपडदा न ठेवता शिवलीलाच्या तोंडाकडं बघितलं.

"पोरी, एक इचारते. खरं सांग. दया आली म्हणून आलीस व्हय?"

अप्पा काही बोलणार होते. शिवलीलानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"काकू, दया यायला तो सवड तरी देतो का? पहिल्या दिवसापासून भांडतोय माझ्याशी. आठ दिवस फोन उचलला नाही. मला त्याचा राग येतो, लई राग येतो... आणि तो नसला की दिवस सरत नाही. याला दया म्हणतात का, ते तुम्हीच सांगा."

गोजाबाई खुदकन हसली. "राग तर मलाबी येतोय त्याचा."

"आई!" आतून आवाज आला. बिरुदेव दारात आला होता, कान लाल करून. "मला कुणी इचारणार हाय का न्हाय?"

"तुला काय इचारायचं? आठ दिस धड जेवला न्हाईस."

"आमच्या जातीत उद्या लोक बोलतील," अप्पा सावकाश म्हणाले. "तुमच्याही बोलतील. मी तीन महिने बोललो नव्हतो, आता माझं सगळं बोलणं शिल्लक आहे. त्यांना मी बघून घेईन. पोरा, तू तुझं सांग."

कोकरू दूध संपवून बाटली नुसतीच ओढत होतं. शिवलीला उठून दारातल्या बिरुदेवपाशी गेली. जवळ जायला तिला जेमतेम चार पावलं लागली, पण त्या चार पावलांत तिला वाटलं, आता हा नाही म्हणाला तर परत बाजेपर्यंत जायचं बळ आपल्यात उरणार नाही.

"भीती वाटतीया मला," तो अगदी हळू म्हणाला, फक्त तिला ऐकू येईल असं. "पडायची भीती न्हाई, ती गेली. तू कटाळशील ह्याची."

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "तू परत न सांगता निघून जाशील याची."

"न्हाई जाणार."

"मग हो म्हण."

त्यानं आईकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं, मग सगळ्यांदेखत तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे तळवे चाकं ढकलून ढकलून खरबरीत झालेले होते.

"व्हय," बिरुदेव म्हणाला.