तीन छत्र्यांचा दिवा

"किती महिन्यांचं आहे?"

त्याने इतक्या हलक्या आवाजात विचारलं, की प्रश्न आपल्यालाच आहे हे आस्टाला आधी कळलंच नाही.

स्वेन्बॉर्गहून एर्यो बेटाकडे जाणारी सकाळची बोट नुकतीच धक्क्यावरून सुटली होती. मार्चमधला वारा खिडक्यांवर पाण्याचे शिंतोडे मारत होता. आस्टाच्या मांडीवर लोकरीच्या पांघरुणात गुंडाळलेलं गाठोडं होतं. एक हात त्याच्या खाली, एक वर. बोट हेलकावली की तिचे खांदे आपोआप पुढे झुकत. समोरच्या बाकावरच्या या माणसाने मघाशी उठून दार हलकेच लावून घेतलं होतं. मोठमोठ्याने बोलणाऱ्या दोन सायकलवाल्यांना त्याने ओठांवर बोट ठेवून गप्प केलं होतं.

"बासष्ट वर्षांचं," आस्टा म्हणाली.

"अं?"

तिने पांघरुणाचं टोक उचललं. आत साईसारखी पांढरी, गोल काच... दिव्याची एक मोठी छत्री.

तो कानापर्यंत लाल झाला. "आणि मी तुमचं बाळ उठेल म्हणून त्या बिचाऱ्यांना..."

"उठलं असतं तर मीच रडले असते. आठ महिने शोधतेय याला."

मग दोघंही हसले, आणि त्या हसण्यात 'तुम्ही' कुठेतरी पाण्यात पडलं.

"तीन छत्र्यांच्या दिव्यातली सगळ्यात वरची आहे ना ही?" काचेवर वाकून तो म्हणाला. हात मात्र त्याने मागे धरले होते. तिला ते आवडलं. लोक हटकून बोट लावून बघतात.

"तुला दिव्यांतलं कळतं?"

"थोडंफार. मी दिवे डिझाइन करतो. कोपनहेगनला."

"अच्छा... नवे."

"तू 'नवे' असं म्हणालीस, जसं कुणी 'शिळे' म्हणतं!"

"मी जुने दिवे दुरुस्त करते," आस्टा म्हणाली. "मला 'नवे' दुसऱ्या कुठल्या सुरात म्हणताच येत नाही."

त्याचं नाव एस्किल. पायाशी एक लांबट पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि बोट हलली की तो ते बुटाने अडवून धरत होता. सव्वा तास कसा गेला, दोघांनाही सांगता आलं नसतं. बोट लागल्यावर "बरं... भेटू" असं काहीतरी अर्धवट बोलून ते वेगळे झाले.

पण वेगळे झाले म्हणजे काय, पुढच्याच वळणावर आस्टाच्या मागे दगडी फरसबंदीवर त्याचे बूट वाजत होते. दोन गल्ल्या झाल्या. तिसरी झाली.

"तू माझा पाठलाग करतोयस?" तिने मान न वळवता विचारलं.

"मी? पुढे तू आहेस. मी जातोय तिथे माझ्याआधी पोचायची घाई तुलाच झालेली दिसते!"

दोघंही एकाच निळ्या दारापाशी थांबले.

दार उघडलं थोराने. एक्याऐंशी वर्षांची, बारीक, ताठ. तीस वर्षं तिने बेटावरचं टपाल सांभाळलं होतं. ती एस्किलची आत्या, आणि आस्टाची गिऱ्हाईक; तिच्या टेबलावरचा जुना दिवा आस्टाने दुरुस्त करून आधीच पाठवला होता, फक्त वरची छत्री मिळायची राहिली होती. हल्ली थोरा समोरच्या माणसाकडे थोडी तिरकी मान करूनच बघे, कारण तिच्या नजरेचा मधला भाग दोन वर्षांपासून विझत चालला होता. कडेकडेचं तेवढं दिसायचं.

"दोघं एकदम?" ती म्हणाली. "एस्किल, तुला मी बुधवार सांगितला होता."

"आज बुधवारच आहे, आत्या."

"मग हिला मी काय सांगितलं होतं?"

"बुधवार," आस्टा म्हणाली.

"बरं झालं. कॉफी एकदाच करावी लागेल."

कॉफीच्या आधीच भांडण लागलं. जेवणाच्या टेबलावर छतापासून एक मोकळी वायर लोंबत होती, आणि त्या एका वायरीवर दोघांनीही हक्क सांगितला. एस्किलने खोकं उघडलं. आत त्याचा नवा दिवा होता, बोटाएवढ्या जाडीची ॲल्युमिनियमची लांबट कडी, हात फिरवला की उजेड कमीजास्त होणारी. सुंदर होती, आस्टाला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. त्याने ती तात्पुरती लावून दाखवली आणि टेबल असं उजळलं, की मेजपोशाचा धागा न् धागा मोजून घ्यावा.

"दाताच्या डॉक्टरकडे असतो, तसला," आस्टा म्हणाली.

"आत्याला दिसत नाही, आस्टा. तिला उजेड हवाय, आठवणी नकोत."

"टेबलाशी बसलेल्या माणसाचा चेहरा बघ जरा. सगळे आजारी दिसतील!"

"आणि तुझ्या त्या दिव्याखाली सगळे देखणे दिसतील, पण तिला ताटातली हेरिंग मासळी दिसणार नाही."

"मला विचारणार आहात की नाही?" थोरा म्हणाली.

दोघं तिच्याकडे वळले.

तिने खुर्ची ओढली. टेबलाची कड हाताने चाचपून ती बसली. "मला आता कुठल्याच दिव्याने नीट दिसणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, मी ऐकून घेतलंय. हा दिवा मला दिसावं म्हणून नाही लावायचा. इथे येऊन बसणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून लावायचाय. एकमेकांचे चेहरे चांगले दिसले की माणसं जास्त वेळ बसतात. कपभर कॉफी आणखी घेतात." तिने मेजपोशाची सुरकुती सारखी केली. "नाहीतर भाचा दर सणाला नवा दिवा पाठवतो. अडगळीच्या खोलीत चार खोकी आहेत. दहा महिन्यांत दिवे चार आले... भाचा एकदाही नाही."

 शिडीवर चढून एस्किलने स्वतःच लावलेली कडी उतरवली, आणि आस्टाच्या हातून पितळी सांगाडा वर घेतला.

जुना दिवा टांगणं म्हणजे खरं कौशल्य उंचीचं. बल्ब कुणाच्याच डोळ्यांत जाता कामा नये, आणि समोरच्याचा चेहराही छत्रीआड लपता कामा नये. आस्टाने त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं, आणि स्वतः अलीकडे बसली.

"थोडा खाली... आता? बल्ब दिसतोय?"

"नाही."

"काय दिसतंय?"

एस्किलने समोर बघितलं. तिन्ही छत्र्यांमधून उजेड थरांथरांनी झिरपत होता. तिच्या गालावरून, हातांवरच्या पॉलिशच्या डागांवरून, वाऱ्याने विस्कटलेल्या केसांवरून तो सावकाश उतरला होता.

"तू," तो म्हणाला.

आस्टाने घाईघाईने स्क्रू आवळला. दोनदा आवळला. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

"चेहरा आजारी दिसतोय का माझा?" तिने स्क्रूकडे बघतच विचारलं.

"नाही... पण मला जरा बरं वाटेनासं झालंय."

"मला कमी दिसतं, ऐकू व्यवस्थित येतं," थोरा कपात साखर ढवळत म्हणाली.

एस्किलची कडी अखेर स्वयंपाकघरात लागली, चिरायच्या फळीच्या वर. थोराने तिच्या उजेडात कांद्याची पात चिरून बघितली. कडेने का होईना, बोटं आणि सुरी वेगळी दिसली. "हे चांगलं केलंस," ती म्हणाली, तेव्हा आस्टाही मोकळेपणाने म्हणाली, "खरंच चांगलं केलंस." या वेळी तिच्या सुरात शिळं काही नव्हतं.

दुपारच्या बोटीने ती एकटी परतली. एस्किलने ऑफिसला फोन करून रविवारपर्यंतची रजा घेतली होती. आत्याला हाताला धरून तो धक्क्यापर्यंत आला होता. बोट सुटली तरी दोघं तिथेच उभे होते.

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी दिव्यांविषयी... अमुक पितळेचा रंग कसा आणतात, तमुक काच मिळेल का. मग दिवे मागे पडले. एप्रिलात तो दोनदा स्वेन्बॉर्गला, तिच्या दुकानात येऊन गेला. एकदा त्याने दिवसभर बसून बल्बची सॉकेटं साफ केली, पण नीट जमलं नाही, आणि तिने ती त्याच्यासमोरच पुन्हा साफ केली. दोघं खाडीच्या काठाने चालत गेले, वेलचीचे पाव खाल्ले. त्याचा हात दोनदा तिच्या हाताला लागला. तिसऱ्यांदा लागला नाही, आणि तिला दिवसभर तेवढंच आठवत राहिलं.

मेच्या अठराव्या तारखेला तिचा वाढदिवस. तो येणार होता. तिने केक केला, हौसेने निळा शर्ट घातला.

दुपारी दारात माणूस आला तो टपालाचा. हातात लांबट खोकं.

आस्टाने ते उघडलंच नाही. आत काय असेल ते तिला ठाऊक होतं, आणि ते सुंदर असणार हेही. म्हणून तर जास्त राग आला. एवढा वेळ खपून कुणीतरी तुमच्यासाठी दिवा घडवतो आणि दोन-सव्वादोन तासांची गाडी पकडून येत नाही! रात्रभर खोकं कोपऱ्यात राहिलं. सकाळी तिने त्यावर जाड पेनाने लिहिलं: 'चुकीच्या पत्त्यावर आलं. थोराबाईंच्या अडगळीत जागा आहे.' आणि परत पाठवून दिलं.

फोन आले, तिने घेतले नाहीत. तीन आठवडे गेले. राग ओसरला, आणि मग मात्र घर फारच शांत वाटायला लागलं.

जूनच्या एका शनिवारी संध्याकाळी ती दुकान बंद करत होती. मागे वळली तर दारात एस्किल. रिकाम्या हातांनी. काहीच न धरता कसं उभं राहायचं हे त्याला जणू माहीतच नव्हतं. हात खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.

"काही आणलं नाही," तो म्हणाला.

"दिसतंय."

"आत्याने बजावलंय. म्हणाली, पुन्हा खोकं पाठवलंस तर मी तुला ओळखणार नाही. तसंही तिला आता ओळखायला कष्ट पडतात, तर ती ते माझ्यावर फुकट घालवणार नाही म्हणाली."

आस्टाला हसू आलं, आणि ते दाबता आलं नाही. "जेवलास?"

तिचं घर दुकानाच्याच वर होतं. तिने राय धान्याचा काळा पाव कापला, उकडलेली अंडी आणि नवे बटाटे मांडले, वर शेपू भुरभुरला. बाहेर अजून लख्ख उजेड होता. जूनमध्ये तो जायचं नावच घेत नाही. एस्किलने वर बघितलं आणि खाता खाता थांबला. टेबलाच्या वर फक्त एक हुक होता.

"तुझ्या टेबलावर दिवा नाही?"

"होता. मॅस घेऊन गेला. सहा वर्षं आम्ही एकत्र होतो. सामान वाटून घेताना तो म्हणाला, दिवा मी घेतो, तुला काय, तू रोज दहा दुरुस्त करतेस." तिने बटाट्याची साल बाजूला केली. "तीन वर्षं झाली. लोकांच्या टेबलांवर टांगते... आणि इथे हिवाळ्यात ओट्याशी उभी राहून जेवते. एकटीसाठी कशाला लावायचा?"

त्याने पुन्हा त्या हुकाकडे बघितलं.

"मी आणून देऊ का, असं विचारू नकोस," ती म्हणाली.

"विचारणार नव्हतो. माझं सांगू का?" त्याने काटा खाली ठेवला. "आई हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा रोज जायचो. एकदा म्हटलं, उद्या येतो... आणि उद्यापर्यंत ती राहिली नाही. तेव्हापासून मला कुणाकडे जाणं जमत नाही. म्हणजे जाणं जमतं गं. निघणं जमत नाही. निघताना छातीत काहीतरी अडकतं. म्हणून मी सहसा जातच नाही. खोकी पाठवतो. एप्रिलात तुझ्याकडून निघतानाही दोन्ही वेळा तसंच झालं. तुझ्या वाढदिवसाला स्टेशनपर्यंत आलो होतो, आस्टा. गाडी समोर होती. मनात आलं, संध्याकाळी हिच्या दारातून परत निघावं लागेल... आणि गाडी गेली."

खिडकीतून समुद्रपक्ष्यांचा गलका येत होता. आस्टाने टेबलावरून हात पुढे केला, आणि या वेळी तो चुकून लागला नव्हता.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "खोक्याशिवाय."

"मला तू... बोटीवरच. बासष्ट म्हणालीस ना, तेव्हाच." "पण शेवटची गाडी पावणेआठची आहे. आणि आता निघायचं म्हटलं की..."

ती उठली. त्याला उठवून दारापर्यंत घेऊन गेली.

"कर सुरुवात. म्हण काहीतरी."

"जातो."

"जातो नाही म्हणायचं. येतो म्हण."

त्याने तिच्याकडे बघितलं. एक खोल श्वास घेतला. "येतो," तो म्हणाला, जिन्याच्या तीन पायऱ्या उतरला, थांबला...

आणि वळून खरंच वर आला.