गहिनीनाथ आणि सहकारी

“आत्या, त्या ‘सहकाऱ्यां’पैकी कुणावर तुझं प्रेम होतं का गं?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ज्ञानेश्वरीनं आपल्या वाढदिवसाच्या पंगतीत विचारूनच टाकलं, आणि छबूआत्याच्या हातातला वरणाचा डाव तसाच थांबला! पोरी तोंडावर ओढण्या धरून खुसुखुसु हसत होत्या. पुणतांब्याला भावाच्या घरी आत्या कित्येक वर्षांनी आली होती, तीही भाचीनं हट्ट धरला म्हणून...

भावाच्या प्रत्येक गाण्याखाली लिहिलेलं असायचं, ‘गायक-संगीतकार : गहिनीनाथ आणि सहकारी’. त्यातलाच कुणी देखणा ढोलकीवाला आत्याला सोडून गेला, म्हणून तिनं लग्न केलं नाही, असं पोरींनी परस्पर ठरवून टाकलं होतं!

“सहकारी कुणी नव्हतेच बाई,” आत्या कसनुसं हसली. “मीच हुते.”

चाली तिच्या, वाद्यमेळ तिचा, कोरसमधले चारही आवाज तिचेच! तरुणपणी तिनं रेडिओवर एका ब्राझिलियन गायिकेबद्दल ऐकलं होतं... गाणारीही तीच, रेकॉर्ड करणारीही तीच! त्या वेडानं भिंगारच्या भाड्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून तिनं स्टुडिओ थाटला. पण वडील म्हणाले, पोरीचं नाव गाण्यावर लागलं तर सोयरीक येणार नाही. तिनं निमूट मान खाली घातली, आणि गाण्यांवर भावाचं नाव लागलं. सोयरीक तरीही आली नाहीच... आणि भाऊ मात्र गावोगावी गाजला!

“मग भिंगारला एकटीला करमतं तुला?” ज्ञानेश्वरीनं विचारलं.

“जेवताना कोरस लावते की! चौघीजणी हायेत असं वाटतं घरात.”

बोलून गेली, आणि तिला वाटलं, पोरीच्या वाढदिवशी हे काय बोलून बसलो आपण!

गहिनीनाथचा हात ताटातच राहिला.

“छबे... मला वाटायचं, तुलाच एकटं राहायला आवडतं. मी कधी विचारलंच न्हाई गं!” तो म्हणाला. “उद्याच सगळ्या गाण्यांवर तुझं नाव लावतो. आधी तुझं, मग माझं.”

“लाव, दादा. पण अधूनमधून फोन बी करत जा...”

एवढंच म्हणाली, आणि इतक्या वर्षांचे कोंडलेले अश्रू घळाघळा ओघळू लागले!

ज्ञानेश्वरी ताडकन उठली.

“आई, पप्पा, दहावी झाली की मी भिंगारला आत्याकडं राहणार. कॉलेज तिकडंच करणार आणि गाणंही तिच्याकडंच शिकणार.”

“अगं, एवढ्या लांब? आधी विचारायचं तरी!” आई गडबडली.

“विचारत नाहीये, आई. सांगतेय!”