आतली नळी

जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांचं वेड फ्लुरिनला होतंच. त्यातही आत बारीक नळी बसवून निशाणेबाजीसाठी बदललेला नग दिसला, की गडी खुळावायचा. वेडाला औषध नाही. म्हणून वरच्या आळीतल्या नेसाआजींचा, तसलंच एक रिव्हॉल्व्हर घेऊन जा, असा निरोप येताच तो जेवण अर्धवट टाकून निघाला.

आजींचा नवरा दूरी तरुणपणी सरहद्दीवर पहाऱ्याला होता. धुक्यातून येणाऱ्या कुणा अनोळखी माणसावर त्यानं याच रिव्हॉल्व्हरनं गोळी झाडली. माणूस बर्फात कोसळला, पण सापडला नाही. घरी आल्याआल्या दूरीनं आत नळी बसवून घेतली, आणि मरेपर्यंत दर रविवारी चर्चमधून आल्यावर तळघरात कागदावर नेम धरत राहिला.

आजींनी अक्रोडाच्या केकचा तुकडा पुढे केला, मग रिव्हॉल्व्हरची पेटी दिली. नळी बसवताना काढलेलं, गोळ्या भरायचं मूळचं चाकही तिच्यातच होतं.

"नळी काढू नकोस, बाबा. बारीक गोळीला तो धुक्यातला खेळ समजतो."

म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून फ्लुरिननं शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी तळघरात त्यानं पाच गोळ्या झाडल्या. नेम सुरेख लागला. पण मूळ रूप बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. नुसतं बघायला काय जातंय? त्यानं नळी काढून टेबलावर ठेवली, जुनं चाक चढवलं आणि रिकामंच रिव्हॉल्व्हर कागदावर रोखून चाप ओढला.

टक्...

तेवढ्यात नळी घरंगळून खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि डोक्यावरून गार वारा गेला. तळघरात बर्फाचा वास सुटला.

उठून बघतो तर कागदावर सहावं भोक, अंगठा जाईल एवढं. जवळ जाऊन पाहिलं. फाटलेल्या कडा त्याच्याच दिशेला वळल्या होत्या... त्यानं घाईघाईनं नळी पुन्हा आत सरकवली.

कोट खांद्यावर टाकून वर आल्यावर बायको मादलाइनानं विचारलं, "कोटाला भोक कसलं रे?" चाप ओढताना कोट तळघरात त्याच्या पाठीमागच्या खुंटीवर होता. भोक बरोबर छातीवर होतं. आपण वाकलो नसतो तर ते आपल्याच छातीवर असतं, हे त्याला कळलं.

आता फ्लुरिनही दर रविवारी चर्चमधून आला, की तळघरात उतरतो. चुकवायची छाती होत नाही. पाच बारीक गोळ्या झाडतो, मग कागद काढून उजेडात धरतो.

भोकं दहा असतात, सगळी बारीकच. पाचांच्या कडा त्याच्याकडे वळलेल्या.