पेट्रेल आणि ग्रिंडलांचे बोये

“काका, बोया! डावीकडे बोया!”

हॉलिस बोटीच्या अगदी पुढच्या टोकावरून ओरडला. मागे बसलेल्या अमोसकाकांनी सुकाणू ढकललं आणि पाण्यावर तरंगणारा एक लाकडी बोया ‘पेट्रेल’ला घासून धुक्यात दिसेनासा झाला. धुकं तरी कसलं! बोटीच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसत नव्हतं. १९७९चा जुलै होता, पण सगळे स्वेटरमध्ये कुडकुडत होते.

सहा वर्षं ‘पेट्रेल’ उबदार समुद्रांवर हिंडली होती. निघताना अमोसकाका आणि डेलियाकाकूंनी गावातलं घर विकून टाकलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मुलांचं, तेरा वर्षांच्या थेडाचं आणि दहा वर्षांच्या ओरिनचं घर म्हणजे ही शिडाची बोटच. आज ती अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावर, त्यांच्या टर्नर्स हार्बर या गावाला परतत होती. चुलतभाऊ हॉलिस शाळेच्या सुट्टीत कॅनडात, नोव्हा स्कोशियाला आजोळी गेला होता. तोही तिथून बोटीवर चढला होता.

“कुठल्या रंगाचा होता रे?” थेडाने विचारलं.

“पिवळा. वर दोन काळे पट्टे.” बोलता बोलता हॉलिसचा चेहरा बदलला. “पण... हे कसं शक्य आहे? ते तर ग्रिंडलांचे रंग!”

“कोण ग्रिंडल?”

“शेजारच्या स्प्रूस कोव्ह गावातले! अगं, शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, धरणाऱ्या प्रत्येकाचा बोया वेगळ्या रंगाचा असतो. खाली दोराला सापळा. आणि स्प्रूस कोव्हवाले आपल्या पाण्यात सापळे टाकत नाहीत. टाकले तर आपली माणसं दोर कापतात! आपण तिकडे टाकले तर ते कापतात.”

“छान शेजार आहे!” ओरिन म्हणाला.

“ऐकलं का, काका?” हॉलिस ओरडला. “आपण स्प्रूस कोव्हच्या हद्दीत आहोत!”

“बोया सुटून वाहत आला असेल,” अमोसकाका होकायंत्रावरची नजर न काढता म्हणाले. “स्प्रूस कोव्ह उत्तरेला सात मैल राहिलं. हे होकायंत्र सहा वर्षांत एकदाही खोटं बोललेलं नाही!”

इतक्यात दुसरा बोया आला. मग तिसरा. सगळे पिवळे, सगळ्यांवर दोन काळे पट्टे!

“बाबा, हे वाहत नाहीयेत!” थेडा वाकून बघत म्हणाली. “एकाच बाजूला कललेत आणि पाणी त्यांना वळसा घालून चाललंय. खाली बांधलेले आहेत!”

“मग ग्रिंडल हल्ली माजले असतील. सहा वर्षांत काय वाट्टेल ते बदलतं. पुढे लक्ष ठेवा आणि जरा गप्प बसा!”

थेडाच्या डोक्यात नुसता गोंधळ! वारा पडला होता, इंजिन हळूहळू घुरघुरत होतं, आणि ते पुढे चाललेत की जागच्या जागी फिरतायत हेच कळेना. तीन वाजता बंदराबाहेर तरंगणारी घंटा ऐकू यायला हवी होती. साडेतीन झाले तरी घंटेचा पत्ता नाही. होकायंत्र खरं, की बोये? बाबा खरे, की हॉलिस? ठरवायचं तरी कसं?

“शी! कसला घाण वास!” ओरिनने नाक दाबलं.

पुढून वाऱ्याची एक झुळूक आली होती. हॉलिसने हुंगलं आणि तो कुजबुजला, “पाणकावळ्यांची शीट. थेडा, हा ओल्ड हेनचा वास आहे! स्प्रूस कोव्हच्या तोंडाशी आहे तो खडक. भरतीला अर्धा पाण्याखाली जातो. माझ्यासमोर तिथे एका बोटीचे दोन तुकडे झालेत.”

घर म्हणायला त्यांच्याकडे ही एकच बोट होती.

“बाबा बोयांवर विश्वास ठेवणार नाहीत,” थेडा म्हणाली. “त्यांचं होकायंत्रच चुकतंय हे दाखवायला हवं. आणि होकायंत्र बहुतेक वेळा बिघडवतं ते जवळचं लोखंडच! चला, शोधा!”

काकांचा सुरा? तो कमरेला नव्हता, पुढे दोरांजवळ पडला होता. हत्यारांची पेटी? ती मागे, जागच्या जागी. होकायंत्र केबिनच्या भिंतीत बसवलेलं होतं. त्याची पाठ आतल्या फळीवर येत होती.

“ओरिन, आत जा. फळीवर काय आहे बघ!”

आत डेलियाकाकू नकाशावर वाकल्या होत्या. फळीवर घोंगडीत गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. आज शनिवार! त्यांच्या गावात शनिवारी रात्री काकवीतले बीन्स हवेतच, आणि काकूंनी भर समुद्रातही हा नेम मोडला नव्हता. सकाळीच उकळतं भांडं घोंगडीत बांधून त्यांनी मुरत ठेवलं होतं.

“आई, चाखू का?”

“सहा वाजेपर्यंत हात लावायचा नाही!”

“लावत नाही. कलंडलंय, नीट ठेवतो!” असं म्हणून ओरिनने गाठोडं उचललं. “बाप रे, केवढं जड! मातीचं ना हे?”

“मातीचं फुटलं की रे. हे बिडाचं, हॉलिसच्या आजीने दिलेलं.”

“बिडाचं! म्हणजे लोखंड!” ओरिन किंचाळला आणि गाठोडं छातीशी धरून केबिनच्या दुसऱ्या टोकाला पळाला.

बाहेर थेडाच्या डोळ्यांदेखत होकायंत्राची तबकडी डुलली आणि सरकत गेली. दहा अंश, पंधरा, वीस!

“ओरिन, परत ठेव!” थेडा ओरडली. तबकडी परत आली. “आता उचल!” तबकडी पुन्हा सरकली!

अमोसकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्या क्षणी ते वाद घालत बसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी इंजिन बंद केलं. शांततेत अगदी समोरून सील भुंकल्याचे आवाज आले, आणि त्यामागे पाणी फुटल्याचा.

“मागे, काका! मागे घ्या!” हॉलिस ओरडला.

इंजिन उलटं गरजलं. धुक्यातून खडकाची एक काळी, ओली, शिटेने माखलेली पाठ वर आली. चाळीस फुटांवर! ‘पेट्रेल’ थरथरली, थांबली, आणि इंचाइंचाने मागे सरली. ओरिन भांडं कवटाळून उभा होता. काकूंनी त्याला भांड्यासकट कवटाळलं.

“सकाळपासून मीच तुम्हाला भलतीकडे नेत होते!” काकू पुटपुटल्या.

भांड्याची रवानगी पार पुढच्या टोकाला झाली. थेडाने ओल्ड हेनपासून नकाशावर नवी रेघ आखली, हॉलिस पुढून एकेका बोयाचा रंग सांगत राहिला. पिवळे संपले. कितीतरी वेळ काहीच नाही. मग, “हिरवा-पांढरा! बाबांचा! माझ्या बाबांचा!” आणि पाठोपाठ घंटेचा आवाज!

सहा वाजून गेल्यावर ‘पेट्रेल’ धक्क्याला लागली. हॉलिसचे बाबा, लायलकाका, चार-पाच कोळ्यांसह वाट बघत होते.

“अमोस, या धुक्यात वाट सापडली कशी तुला?”

अमोसकाकांना थाप मारता आली असती. ते म्हणाले, “मला नाही सापडली. मी ओल्ड हेनवर चाललो होतो. या तिघांनी वाचवलं.” आणि त्यांनी सगळ्यांसमोर, काही न लपवता, घडलेलं सांगितलं.

कोळी आधी हसले. मग त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने टोपी काढली आणि तिघांशी हात मिळवला. “चाळीस वर्षं या पाण्यात आहे मी,” तो म्हणाला. “पण एवढं माझं डोकं नसतं चाललं!”

ओरिनची छाती फुगली. हॉलिस लाजून लाल झाला. थेडा मात्र धक्क्यावर मटकन बसली आणि तिला रडूच कोसळलं.

अमोसकाका तिच्याशेजारी बसले.

“पहिल्या बोयालाच तुमचं ऐकायला हवं होतं मी,” ते म्हणाले.

“दुसऱ्याला ऐकलं असतं तरी चाललं असतं,” थेडा हुंदके देत म्हणाली.

“चुकलो, बाळा.”

तिने त्यांच्याच बाहीला नाक पुसलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. समोर, बांधलेल्या दोरांवर, त्यांचं घर सावकाश वर-खाली होत होतं. त्याच्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.