पल्याडच्या पाळीवरचा घाव

खेमराजला फाशी होणार हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. कोर्टाचं तेवढं बाकी होतं. त्याची बायको धुरपताबाई केवळराम बिसेनांच्या ओसरीत येऊन बसली, ती हटेनाच. केवळराम खासगी तपास करत आणि त्यांचा मदतनीस छोटेलाल त्यांच्यामागं कुरकुरत फिरे.

तलावाचं पाणी वाटणारा पाणकर उदाराम डोकं फुटून मेला होता. प्रेत तलावाच्या पलीकडच्या पाळीशी, म्हणजे बांधाशी, पाण्यात सापडलं. त्या सकाळी तिथं खेमराज एकटाच पाळ दुरुस्त करत होता आणि अलीकडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या देवकाबाईनं त्याला पाहिलं होतं. बाई खोटं बोलणारी नव्हे, हे धुरपताबाईही मान्य करी. तेच तर दुखणं होतं.

"त्यानं कुऱ्हाड हानली, अन् त्याच घडीले उदाराम वरडला," देवकाबाई म्हणाली.

उदाराम दिसला का, केवळरामांनी विचारलं. नाही. एवढ्या लांबून खेमराजच जेमतेम दिसे. त्याच्या पायाशी काहीतरी होतं. घाटाजवळ आणखी कोणी? तिचा मुलगा खुशाल, अलीकडेच मोहाच्या झाडांमागं बैल धूत होता.

खुशालच्या बांधीचं, म्हणजे धानाच्या शेताचं, पाणी उदारामनं तोडलं होतं, हे खुशालनं लपवलं नाही. आरोळी मात्र त्याला ऐकूच आली नव्हती. खेमराज कोठडीतून एवढंच सांगे की तो कुऱ्हाडीनं पाळीत खुंट ठोकत होता.

मग केवळरामांनी छोटेलालला भर उन्हात पलीकडे खुंट ठोकायला पिटाळलं आणि स्वतः देवकाबाईच्या जागी बसले. वाऱ्यानं पाण्यावरचा पाचोळा पलीकडे चालला होता. कुऱ्हाड खाली आली, पुन्हा वर गेली, तेव्हा कुठं ठक्क ऐकू आलं.

संध्याकाळी त्यांनी जमादारासमोर सगळ्यांना घाटावर बोलावलं.

"पलीकडचा आवाज इथं उशिरा येतो," केवळराम म्हणाले. "आरोळी घावासोबतच आली, म्हणजे ती जवळचीच. डोळ्यानं एक पाहिलं, कानानं दुसरंच ऐकलं, अन् मनानं दोन्हीची गाठ मारली. प्रेत वाऱ्यानं पलीकडे गेलं. आईला ऐकू आलेली आरोळी शेजारच्या खुशालला मात्र आली नाही!"

खुशाल घाटाच्या पायरीवर बसला. "उदारामले पानी मागाले गेलतो," तो म्हणाला. "हासला तो."



"मी बोललीच नसती तं?" देवकाबाईनं विचारलं.

"तर मला काही कळलं नसतं," केवळराम म्हणाले. "कोर्टात तुम्हालाच सांगावं लागेल, बाई. खेमराजचा जीव त्यावर आहे."

"आयकलं तेच सांगीन."

ती लेकाशेजारी जाऊन बसली. तो सरकून लांब बसला.