खाणीतली हाळी

गेल्या रविवारी ऑफिसातल्या अक्षदाला नि तिच्या नवऱ्याला मी जेवायला बोलावलं होतं. सकाळी वाशिंदच्या बाजारातून कोथिंबीर, दही, श्रीखंड आणलं. नवं घर, नवा सोफा; दाखवायची हौस होती, खोटं कशाला बोलू?

आमची सोसायटी उभी आहे ती जुन्या दगडखाणीवर. अर्धी खाण भराव टाकून बुजवली नि वर इमारती उठवल्या. उरलेल्या खड्ड्यात पाणी साचलंय, त्याला जाहिरातीत 'लेक' म्हणतात. बाल्कनीतून लेक दिसतो, एवढंच मी अक्षदाला सांगितलं होतं. त्याच खाणीत माझे वडील, जयराम, हाळी द्यायचे, हे सांगितलं नव्हतं.

हाळी म्हणजे काय, तेही सांगते. दुपारी सुरुंग उडवायच्या आधी वडील खाणीच्या काठावर उभे राहून ओरडायचे, "सुरुंग हाय रेऽऽ, हटलात काऽऽ?" खाणीतल्या प्रत्येकाने, काठावरच्या प्रत्येक झोपडीने "हटलो!" म्हणून उत्तर द्यायचं. कुणाचं उत्तर आलं नाही, तर वडील स्वतः उतरून त्याला शोधून आणणार, आणि तोवर वात पेटवायची नाही. एके दुपारी ते असेच कुणाला तरी शोधायला उतरले आणि वात पेटली. मी तेव्हा पाळण्यात होते.

अलीकडेच आईला, शालनला, मी खर्डीहून इकडे राहायला आणलं. पहिल्याच दुपारी ती स्वयंपाकघरात थबकली, मोरीच्या जाळीवर वाकली आणि हळूच म्हणाली, "हटलो रे, दोघी हटलो."

"कोणाशी बोलतेस?"

"तुला नाय ऐकू येत?... तुझा बाप इचारतो."

मी हसण्यावारी नेलं. पुढे मलाही ऐकू यायला लागलं. जाळीतून आधी ओल्या दगडाचा नि सुरुंगाच्या दारूचा जळका वास यायचा, आणि मग खूप खोलातून तो आवाज. आईने उत्तर दिलं की थांबायचा. आम्ही पुन्हा ताटावर बसायचो.

तर रविवारी आई तिच्या विटक्या लुगड्यात भाकऱ्या थापत होती. अक्षदा पाणी प्यायला आत आली.

"काय सुंदर भाकऱ्या! कोण गं या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी आहेत. स्वयंपाकाला येतात."

आईचा हात क्षणभर थांबला. मग तिने भाकरी उलटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शरमेने माझे कान तापले, पण शब्द काही मी मागे घेतला नाही.

ताटं वाढली आणि हाळी आली. पाहुण्यांना ती ऐकू जात नव्हती. आई जाळीवर वाकणार, तोच मी डोळे वटारले.

"उत्तर दिऊ दे गो, संघा," ती कुजबुजली. "नायतर तो शोधत वर येल..."

"आत्ता नको. लोक बसलेत."

पुन्हा हाळी आली. या वेळी जवळून... जिन्याच्या तळातून. मग जिन्यावर पावलं वाजू लागली. ओली, जड, प्रत्येक पायरीवर जरा थांबणारी.

आईने पदर खोचला. "मीच जाते खाली. तुझ्या घरात तमाशा नको."

ती दार उघडून उतरू लागली. मी दारापर्यंत धावले. 'आई' म्हणून ओरडायचं होतं. मागे अक्षदा मान वळवून बघत होती.

"मावशी," मी म्हटलं, "थांबा जरा."

ती थांबली. वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. मग ती वळणावरून दिसेनाशी झाली. पावलंही माघारी फिरली.

मी आत येऊन श्रीखंड वाढलं. जनाची नाही तर मनाची तरी वाटायला हवी होती.

वॉचमनने तिला पार्किंगमध्ये जाताना पाहिलं, बाहेर येताना कुणीच नाही. माझ्या नवऱ्याने, रत्नदीपने, कामावरून आल्याआल्या लेकचा सगळा काठ पालथा घातला. खर्डीला विचारलं, पोलिसांत कळवलं. पार्किंगच्या खाली वाट नाही. नुसतं काँक्रीट आहे, खाली भराव.

तेव्हापासून मी सुट्टी टाकून घरीच आहे. दुपारी हाळी येते नि मी गप्प बसते. उत्तर दिलं नाही, तर शोधायला वर यावंच लागतं ना? दार उघडंच ठेवते. आई आली की सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायची, असं ठरवलंय.

काल वास आला, हाळीही आली. पण आवाज वडिलांचा नव्हता. तिचा होता. परक्याच्या घरी बोलावं तसा, दबका.

"मॅडम... हटलात का?"

मी जाळीला तोंड लावून "आई! आई!" म्हणून ओरडले. शेजारची दारं उघडली, माणसं गोळा झाली; मला कशाची लाज उरली नव्हती.

 मग तोच आवाज, अदबीने...

"हटा, मॅडम. वात लागलीय."