पाणमांजराच्या गोष्टीचं शेवटचं पान

"...आणि संध्याकाळी पिल्लाची आई परत आली. दोघांनी मिळून पोटभर शिंपल्या खाल्ल्या. संपली गोष्ट."

कपाटाआड पुस्तकं चाळणारे नारेचे हात थांबले. कोरियातल्या तोंगयोंग बंदरावरच्या टेकडीवरचं ते पुस्तकांचं दुकान रविवारी दुपारी निवांत असायचं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आत एक पुरुषी, किंचित घोगरा आवाज गोष्ट वाचत होता... पण हे वाक्य त्या पुस्तकात नव्हतं.

तिने डोकावून पाहिलं. खिडकीशी उन्हाने रापलेला एक तरुण बसला होता, मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी दुकानातल्या मांजरामागे पळाली, तशी नारे पुढे झाली.

"माफ करा, पण पाणमांजराची आई परत येत नाही."

त्याने वर पाहिलं. "तुम्ही वाचलंय वाटतं हे?"

"मी लिहिलंय. चित्रंही माझीच."

त्याचे कान लाल झाले. मग हळूच म्हणाला, "बरं झालं भेटलात. तुमच्याशी भांडायचंच होतं. पोरांच्या पुस्तकात आईला मारून टाकवलं कसं तुम्हाला?"

नारेच्या ओठांवर उत्तर तयार होतं, पण त्याची नजर मांजराशी खेळणाऱ्या मुलीवर खिळली होती.

"माझी भाची आहे, बोम. ताई गेली... मागच्या उन्हाळ्यात. हे पुस्तक तिच्या शाळेतल्या बाईंनी दिलं. बाकी सगळं वाचतो मी. शेवटच्या पानाशी आलो की जीभ उचलत नाही."

नारेचा राग विरला, हट्ट मात्र नाही. ती समोर टेकली. "मी नऊ वर्षांची असताना बाबांची बोट बुडाली. घरचे म्हणाले, लांबच्या सफरीवर गेलेत. मी रोज धक्क्यावर जाऊन बसायची. खरं कळलं तेव्हा रडूसुद्धा आलं नाही, नुसता राग आला... सगळ्यांचा."

निघताना छत्री उघडता उघडता तो म्हणाला, "पुढच्या रविवारी असाल?"

"भांडायला?"

"भांडण उरलं तर."

पुढच्या रविवारी तो - जेहा नाव त्याचं - आला ते बादलीभर कालवं घेऊन. "फुलं आणणार होतो," तो मान खाजवत म्हणाला, "पण आमच्या खाडीतल्या शेतात हीच पिकतात."

नारे खूप दिवसांनी अशी खळखळून हसली. शिंपल्यांनी कापलेली बोटं तो टेबलाखाली लपवत होता. आणि तिचं लक्ष नेमकं तिथेच जात होतं.

मग रविवारामागून रविवार गेले. बोम जमिनीवर पालथी पडून चित्रं काढायची आणि हे दोघं गार झालेला चहा पुरवून पुरवून प्यायचे. एकदा जेहा म्हणाला, "तुम्हीच वाचून दाखवा ना ते पान."

"ताई तुमची, भाची तुमची. मी शेजारी बसेन."

"अगदी शेजारी?"

"मध्ये बोम बसेल."

"तेवढं अंतर चालेल," तो म्हणाला, आणि या खेपेला कान नारेचे लाल झाले.

बोमला मध्ये बसवून त्याने पुस्तक उघडलं. शेवटच्या पानावर आवाज अडखळला. नारेने बोमच्या पाठीमागून हात लांबवून त्याच्या खांद्यावर ठेवला.

"पिल्लाने... खूप वाट पाहिली. पण आई मेली होती. ती परत आली नाही."

बोमने त्याच्याकडे पाहिलं. "मला माहितीये, मामा. चित्रात एकच पाणमांजर आहे. मला वाटलं, तुला हे पान वाचता येत नाही."

जेहाने तिला घट्ट जवळ घेतलं. तो रडला, मग बोमही रडली — इतके महिने साठवलेलं सगळं, हुंदके देत. बऱ्याच वेळाने बोमने बाहीला नाक पुसलं आणि विचारलं, "मग पिल्लाला शिंपल्या कोणी फोडून दिल्या?"

हे नारेने लिहिलंच नव्हतं.

"मामाने," जेहा म्हणाला.

"पुस्तकात मामा नाहीये."

"नाहीये," नारे म्हणाली. "माझं चुकलंच. नवीन छपाईत मामाचं चित्र काढते."

संध्याकाळी तिघं टेकडीच्या पायऱ्या उतरू लागले. बोम मामाच्या पाठीवर गाढ झोपली होती. नारेने छत्री दोघांवर धरली होती, आणि तिचा स्वतःचा खांदा भिजत होता.

"एक विचारू?" जेहा म्हणाला. "कधी असंच भेटाल? पुस्तक नाही, बोम नाही. नुसतं... तुम्ही आणि मी."

"त्यातलं एक वगळा."

त्याचं पाऊल अडलं. "मला?"

"ते 'तुम्ही'."

तो पायरीवर तसाच उभा राहिला. पागोळ्या छत्रीच्या कडेने टपटपत होत्या.

"नारे," त्याने अगदी सावकाश म्हणून पाहिलं. "येशील?"

"येईन. पण आधीच सांगून ठेवते, मला तू आवडायला लागलायस. मागाहून तक्रार चालणार नाही."

जेहा एक पाऊल तिच्याकडे सरकला, इतका की छत्री तिघांना पुरली. त्याच्या घराची गल्ली आली आणि मागे पडली. दोघांनीही ती पाहिली होती... पण थांबायचं नाव कुणीच काढलं नाही.